खाडी शांत, अशी नोंद

वाचनालयात अकरा वाजता नाथाजीनं माझ्या खांद्याला हात लावला. नाथाजी तिथला शिपाई. मी रोज सकाळी ज्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो तिच्यावर माझ्याआधी फडकं मारून ठेवणारा, पण सहा-सात वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता. मी वर पाहिलं. समोरच्या बाकावरच्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली हसू दाबत होत्या. "आवं आण्णा," नाथाजी म्हणाला, "तुमचं घड्याळ वाजतंय की. बंद करा तेवढं. आज वर मीटिंग हाय." मी मनगटाकडे पाहिलं. काचेवर घंटेचं बारीक चित्र लुकलुकत होतं. घड्याळ कानाला लावलं, अगदी कानाच्या पाळीला टेकवलं. काही नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा, माझ्याच श्वासाचा आवाज, आणि काही नाही. "कधीपासून वाजतंय?" मी विचारलं. "आत्ता व्हय? रोजच वाजतंय अकराला. आमी म्हणतोय, आण्णांची गोळी घ्यायची येळ झाली. ह्या पोरी तर त्याच्यावरच चहाला उठत्यात." आता मुली उघडच हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ज्या हॉलमध्ये पान उलटताना कागद वाजू नये म्हणून मी बोट ओलं करतो, त्या हॉलमध्ये दीड वर्ष रोज अकरा वाजता मी शिट्टी वाजवत बसलो होतो.

घड्याळ माझ्या मुलीनं, श्रद्धानं दिलेलं. रक्तदाबाच्या गोळीसाठी तिनंच त्यात गजर लावून दिला होता. पहिल्या आठवड्यातच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की गजर बिघडलेला आहे. तिला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. गोळी आठवणीनं घेत राहिलो. म्हणजे मी समजूतदारपणा करत होतो, आणि तो समजूतदारपणा मला मनातून आवडतही होता. रस्त्यावर आलो. मी शहर तपासायला लागलो. एसटीचा हॉर्न आहे. पिठाच्या गिरणीचा पट्टा आहे. गणपती पेठेत पोती आपटल्याचा धप्प आवाज आहे. तारेवर तीन चिमण्या बसलेल्या, त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या. गेल्या उन्हाळ्यात 'चिमण्या गप्प का झाल्या' असं एक पत्र मी वर्तमानपत्राला लिहिलं होतं. आयुष्यातलं पहिलंच. छापलं नाही, ते बरं झालं. हळदीच्या वखारीसमोर पोचलो, नाकात ती कोरडी पिवळी धूळ गेली, आणि तिथे माझे पाय थांबले. मागून येणारा हमाल "ओ बाजू" म्हणून ओरडला. मला आठवलं होतं: एकशे बारा तास.

श्रद्धा साताऱ्याला असते. जावई, अतिशय नाव त्यांचं, तिथल्या कॉलेजात शिकवतात. ती समुद्राचं शिकलेली. सांगली-साताऱ्यात राहून समुद्राचं काम करणारी बहुधा ती एकटीच असेल. महिन्यातून दहा दिवस घाट उतरून कोकणात जाते, वीस दिवस घरी बसून तिथून आणलेल्यावर काम करते. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीवर वीज करायचा प्रकल्प येणार आहे. पाण्याखाली पवनचक्कीसारखी मोठी पाती बसवायची. भरतीचं पाणी आत येताना ती फिरणार, ओहोटीचं बाहेर जाताना उलटी फिरणार. धूर नाही, धरण नाही, कुणाची जमीन जाणार नाही. श्रद्धा सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा, आणि मलाही ते पटायचं. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांची माणसं आम्ही लहानपणापासून पाहिलेली आहेत. पण पाती फिरली की पाण्यात आवाज होणार, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं पळतो. तिथल्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. जे राहतात ते कानांवर राहतात. म्हणून पाती बसवण्याआधी खाडीत आज कोण काय बोलतं याची नोंद करायची, हे श्रद्धाचं काम. तिनं नांगराला बांधून पाण्याखाली ऐकणारी तीन यंत्रं सोडली होती. ध्वनिमुद्रण शेकडो तासांचं झालं. ते तपासायला संगणकाचा प्रोग्रॅम होता, पण त्या खाडीत कोळंबीची एक जात आहे. ती आपला एक चिमटा इतक्या जोरात मिटते की टिचकीसारखा आवाज होतो, आणि अशा लाखो टिचक्या रात्रंदिवस चालू असतात. त्या तडतडीत प्रोग्रॅम गोंधळून जायचा. तेव्हा तिनं फोनवर म्हटलं होतं, "अण्णा, निवडक एकशे बारा तास आहेत. तुमचे कान द्या ना मला."

माझे कान. हे कुणी म्हटलं की मला अजून आत कुठेतरी ऊब वाटते. वाटायची. मी पाणीपुरवठ्यात कारकून म्हणून लागलो. लाजाळू, कुणाशी डोळा न भिडवणारा, टेबलाखाली पुस्तक उघडून बसणारा. साहेबांना माझं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी मला भाऊसोबरोबर गळती शोधायला धाडलं. भाऊसो अंगठेबहाद्दर होता. त्याच्याकडे चार फुटी लोखंडी सळई होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी. पहाटे, शहर उठायच्या आत, सळईचं टोक नळाच्या कॉकवर ठेवायचं आणि वाटी कानाला लावायची. जमिनीखाली कुठे पाइप फुटला असेल तर वाटीत सुस्कारा ऐकू येतो. "डोळं झाक," भाऊसो म्हणायचा. "डोळं उघडं ठिवलं की कान आळशी व्हतंय गड्या." मी डोळे मिटायचो, आणि त्या अंधारात सांगलीच्या पोटातलं पाणी ऐकू यायचं. सहा महिन्यांत मी भाऊसोच्या पुढे गेलो. डांबरावर खडूनं फुली मारायची, आणि खणलं की पाइप तिथेच फुटलेला निघायचा. एकोणतीस वर्षं फुल्या मारल्या. बाकी कुठल्या बाबतीत मला स्वतःबद्दल खात्री नव्हती. लग्नात शालनला "नाव घ्या" म्हटलं तेव्हा तिनं घेतलं, माझं मात्र ओठांतच राहिलं होतं. पण फुली मारताना हात कधी थरथरला नाही.

तेव्हा श्रद्धानं लॅपटॉप आणि चांगले हेडफोन आणून दिले, सगळं दाखवलं. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकतं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. "चित्र बघत ऐका हं अण्णा." मी हो म्हटलं. आणि ती साताऱ्याला गेल्यावर पडदा खाली करून, डोळे मिटून ऐकायला बसलो. त्या दिवसांबद्दल आता लिहितानाही मला खरं काय आणि माझ्या मनानं रचलेलं काय ते सांगता येत नाही. शालनला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात भिंती तेवढ्या होत्या. हेडफोन लावले की भिंती जायच्या. आधी तडतड यायची, तापलेल्या तेलात मोहरी पडावी तशी, पण कुणीतरी मऊ उशीखाली दाबून ठेवलेली. मग नांगराच्या साखळीचं कण्हणं. लांबून येणारी होडी, आधी छातीत कळते, मग कानाला. भरती वळायच्या वेळेला वाळू सरकल्याचा एक लांब 'स्सs', तो मला लगेच ओळखू आला. आमच्या फुटक्या पाइपचा सख्खा भाऊ. आणि उतरत्या उन्हाच्या ध्वनिमुद्रणात एकदम ते सुरू झालं. घशातून, खोल, डमरूवर अंगठा घासावा तसं. एक, मग दोन, मग शंभर. श्रद्धा म्हणाली, "ढोमा असणार. मासा आहे. एवढे मोठे थवे तिथे आहेत हे कुणी नोंदवलेलंच नाही, अण्णा!" आमच्या जैन घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही. मी ढोमा पाहिलेलासुद्धा नाही, पण त्याची संध्याकाळची प्रार्थना मी एकट्यानं ऐकली, असं मला वाटायचं. वहीत रकाने आखले होते: वेळ, आवाज, जोर, शेरा. जिथे काही नसे तिथे मी 'शांत' असं लिहायचो. 'शांत' हा शब्द लिहायला मला फार बरं वाटायचं. अहवालाच्या शेवटी श्रद्धानं छापलं: श्रवणनोंदी, पायगोंडा पाटील. एकाहत्तराव्या वर्षी माझं नाव पहिल्यांदा छापून आलं. मी ते पान कितीतरी वेळा उघडून पाहिलं.

वखारीपासून घरी कसा आलो ते आठवत नाही. बूट न काढता लॅपटॉप उघडला. एक फाइल लावली, नोंदीत जिच्यापुढे सलग पंचवीस मिनिटं 'शांत' आहे ती. या वेळी डोळे उघडे ठेवले. खाली कोळंबीची राखाडी पट्टी सरकत होती. आणि वर, चित्राच्या वरच्या भागात, काहीतरी उमटलं. एक बारीक रेघ, वर जाऊन वाकलेली, गवताच्या पात्यासारखी. हेडफोनात शांतता. पुन्हा एक. मग दोन एकमेकींना छेदून. मी आवाज वाढवत गेलो, तडतड कानात दुखायला लागली, आणि रेघा मुक्यानं उगवत राहिल्या, वाकत राहिल्या. श्रद्धानं दिलेल्या कागदावर त्यांचं चित्र होतं, खाली लिहिलं होतं: डॉल्फिनची शीळ. पंचवीस मिनिटांत मी एकोणीस रेघा मोजल्या. एक जोडी तर स्पष्ट होती. एक मोठी रेघ, तिच्यामागे लगेच तशीच एक लहान, डगमगती. आई आणि पिल्लू असेल, किंवा माझी कल्पना असेल. वहीत शेरा होता: 'खाडी शांत.' अहवालात ते असं झालं होतं: 'अभ्यासाच्या काळात या भागात डॉल्फिनचा वावर ध्वनिरूपात आढळला नाही.' शुक्रवारी त्यावर जनसुनावणी होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो. माठाच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधलेलं. शालननं शेवटपर्यंत तोटीचं पाणी गाळल्याशिवाय वापरलं नाही, आणि गाळून फडक्यात जे राहिलं असेल ते पुन्हा पाण्यातच सोडायची. डोळ्यांना न दिसणारं काही जिवंत तिथे असेल, म्हणून. त्या घरातल्या माणसानं एक अख्खी खाडी रिकामी आहे म्हणून लिहून दिली होती. फोन उचलावा आणि श्रद्धाला सांगावं. एवढंच होतं. मंगळवारची दुपार होती. मी फोन उचलला नाही. बुधवारी उचलला नाही.

कारण मी सांगितलं असतं की तिनं विचारलं असतं: कधीपासून? आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे चार वर्षांपूर्वीची एक दुपार बसलेली होती. शालनची फुप्फुसं गेली होती. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलेलं, सिद्धू नावाच्या माणसाकडून. त्यानं घरी येऊन बसवलं, नळी बोटानं दुमडून दाखवली. "नळी दबली की हे वराडतंय बगा काका. त्यो आवाज आला की पयली नळी बघायची." आणि ते ओरडलं असेल तेव्हा. शालन दचकली होती, मला आठवतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली होती. मला ऐकू आलं होतं का? मी तेव्हा तिच्या दचकण्याकडे पाहत होतो. तीन आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत पुस्तक वाचत होतो. ऊन येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या. शेजारचे लग्नाला गेलेले. मी चाळीस पानं वाचली. मग चहाचं विचारावं म्हणून वर पाहिलं. नळी पलंगाच्या लोखंडी पायाखाली दबली होती. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवसांचाच प्रश्न होता. श्रद्धा आली तेव्हा मी तिला सांगितलं, "मशीन वाजलंच नाही गं." खोटं बोलत होतो असं नाही. मला तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सिद्धू मशीन न्यायला आला, आणि श्रद्धा भेटायला आलेल्या तीस-चाळीस माणसांसमोर त्याला बोलली. बिघडलेलं मशीन देऊन माणसं मारता, असं. तो नळी गुंडाळत होता. "ताई, मशीन वाजतंय ओ. मी तपासून दिल्यालं." एवढंच म्हणाला. मी भिंतीला टेकून उभा होतो. पुढे आमच्या समाजात, देवळात, दवाखान्यांतून ती गोष्ट फिरली. सांगलीतलं त्याचं दुकान वर्षभरात बंद झालं. तो परत तासगावला गेला असं कुणी तरी म्हणालं, आणि मी पान उलटलं.

आता घड्याळ, चिमण्या, खाडी आणि ते मशीन एका रांगेत येऊन उभी राहत होती. मी पुन्हा पुन्हा त्यांना वेगळं करू पाहत होतो. माणसाचे कान एका दिवसात जात नाहीत. चार वर्षांपूर्वी ते चांगले असतील. कदाचित मशीन खरंच बिघडलं असेल. असेलही. बुधवारी संध्याकाळी मी आयर्विन पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली कृष्णा उन्हाळ्यातली, संथ, हिरवट. लोक फिरायला आलेले. मला वाटलं, खाली पाण्यात आत्ता जे काही चाललं असेल ते मला ठाऊक नाही, आणि वर पुलावर जे चाललंय तेही निम्मंच ठाऊक आहे. उरलेलं निम्मं मी 'शांत' म्हणून भरत आलोय. मी कठड्यापासून मागे फिरलो तेव्हा एका फुगेवाल्यानं तोंडात पिपाणी धरून गाल फुगवले. पिपाणी वाजली असणार. शेजारचं पोर नाचायला लागलं म्हणून म्हणायचं.

गुरुवारी पहाटेची एसटी धरली. साताऱ्याला उतरून श्रद्धाच्या घरी पोचलो तेव्हा ती ओट्यापाशी पोळ्या करत होती. "अण्णा? फोन नाही काही नाही! तब्येत बरी आहे ना?" मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. तिनं गॅस बंद केला.

"एकोणीस?"

"एका फाइलीत. बाकीच्या मी बघितल्या नाहीत."

"चित्र बघून ऐका म्हटलं होतं ना मी तुम्हाला? म्हटलं होतं का नाही?"

"डोळे मिटून ऐकायची सवय—"

"सवय!" ती म्हणाली. "उद्या सुनावणी आहे, अण्णा. तीनशे माणसं येणार. तिथले कोळी मागच्याच बैठकीत सांगत होते, ताई, आम्ही रोज बघतो, पाठी काढून जातात. आणि मी त्यांना म्हटलं, दादा, आमच्याकडे एकशे बारा तासांची नोंद आहे. मी. त्यांना." तिच्या हाताला पीठ होतं. ते तिनं तसंच पदराला पुसलं. मग खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली, हेडफोन लावले. मी समोर वही घेऊन बसलो. फाइल सुरू झाली, आणि थोड्या वेळानं तिनं उजव्या हाताचं बोट वर केलं. मी वेळ लिहिली. बोट खाली. पुन्हा वर. पुन्हा. एकदा बोट वर गेलं ते तसंच राहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. राग तसाच होता, पण त्याच्या मागून काहीतरी आलं. लहानपणी वाटी कानाला लावून ती पाइपातलं पाणी पहिल्यांदा ऐकत होती तेव्हा असाच झाला होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. जे मला ऐकू येत नव्हतं ते तिच्या चेहऱ्यावर पडत होतं. दुपारपर्यंत दहा फाइली झाल्या. त्यांतल्या सात फाइलींत शीळ होती.

"पाती बसवायला ना नाही," ती मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे. "पण जागा बदलावी लागेल. नाहीतर त्यांच्या जायच्या-यायच्या वेळेला बंद ठेवावी लागतील. सगळं पुन्हा ऐकायला हवं. ढोमाचंसुद्धा. ते खरं असलं तरी त्याच वहीतलं आहे."

मी मान हलवली. ढोमाचं मी विसरलोच होतो असं दाखवलं.

ती पत्र टाइप करायला लागली. मी तिच्या खांद्यामागे उभा राहून वाचत होतो. 'तांत्रिक कारणामुळे पूर्वीच्या श्रवणनोंदी मागे घेत असून सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती' इथपर्यंत आली. मी म्हणालो, "तांत्रिक नको लिहू."

"मग?"

"ऐकणाऱ्या माणसाला बारीक आवाज ऐकू येत नव्हते, असं लिही. नाव आहेच खाली छापलेलं. त्याच नावानं लिही."

"अण्णा, कशाला उगीच. सगळे वाचतील."

"वाचू देत."

तिनं लिहिलं. मग बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली. "कधीपासून ऐकू येत नव्हतं, ते विचारतील. दाखला लागेल डॉक्टरांचा. साधारण कधीपासून, अण्णा?" आणि तो प्रश्न तिच्या तोंडून पूर्ण बाहेर पडायच्या आधीच तिची पाठ ताठ झाली. ती वळली नाही. पडद्यावर पत्राच्या अर्ध्या ओळीपुढे कर्सर लुकलुकत होता. अतिशय आत जेवत होते, ताटावर वाटी टेकल्याचा आवाज आला. तो मला ऐकू आला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तेच सांगायला आलोय. फोनवर हे सांगता आलं नसतं. वाजलंच नाही असं मी तुला सांगितलं होतं. ते मला ठाऊक नव्हतं. मला ऐकू आलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी उभाच होतो. मला वाटलं, मी जावं. मग वाटलं, हे जाणंही पान उलटण्यासारखंच आहे, आणि खुर्चीची पाठ धरून ठेवली. ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिनं आईबद्दल काही विचारलं नाही.

"त्या माणसाला मी सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर. आणि तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होतात."

"हो."

"ते ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

तिनं पत्र पाठवलं. सुनावणी पुढे ढकलल्याचा फोन तासाभरात आला. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही तिघं जेवायला बसलो. तिनं मला भाकरी वाढली, तूप वाढलं, सगळं रोजच्यासारखं, फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी निघताना म्हणाली, "तासगावला तुम्ही जा. मी नंतर जाईन. माझं मी. एकत्र नको." मग दारातून हाक मारून, "गाडीत पाणी आहे का बरोबर?"

साताऱ्याहून विट्यामार्गे तासगावला उतरलो तेव्हा दुपार होती. बेदाण्याचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जाळ्यांवर वाळत घातलेल्या द्राक्षांचा आंबूसगोड वास. दोन ठिकाणी विचारल्यावर सिद्धूचं दुकान सापडलं. पुढे द्राक्षबागेच्या फवारणीचे पंप दुरुस्तीला पडलेले, मागच्या भिंतीला पलंग, चाकाच्या खुर्च्या, दोन ऑक्सिजनची मशीनं. तो एका पंपाचा वॉशर काढत होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला.

"या की काका. वळखलं मी." त्यानं स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो नाही. एसटीत चार तास जी वाक्यं जुळवली होती त्यांतलं एकही आठवेना. मी म्हणालो, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आत्ता कळलं. मशीन वाजलं असेल. मी वाजलं नाही म्हणालो. मुलगी माझ्यामुळे बोलली तुम्हाला."

हातातला वॉशर त्यानं बोटावर एकदा फिरवला. "मी तवाच म्हटलं हुतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "चार साल झाली काका. दुकान गेलं. बायकू म्हणती, मशीनचा नाद सोड." आणि मग, "तुमची चूक न्हाई असं म्हनू का? म्हनाय येत न्हाई मला."

"नका म्हणू."

"बसा तरी."

मी बसलो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये कुणी तरी ग्राइंडर लावला होता. मी विचारू नये असं ठरवलं होतं, तरी विचारलं, "ते मशीन कुठाय?"

"हाय की. मोडाय काय झालंय त्येला? आटपाडीला दिलंय म्हैनाभर. तानुबाई म्हणून म्हातारी हाय, दम्याची."

"आणि वाजतं?"

"वाजतंय म्हंजे!" पहिल्यांदाच तो हसला, एक दात नसलेलं, दमलेलं हसू. "कूस बदलली की नळी दबती, का लागलंच वराडाय. लय वैतागलीया म्हातारी. काल रातीच फोन केलता, आरं सिद्धू, ह्येचं त्वांड बंद कर बाबा, झोपू दीना मला. आज सांजच्याला जाऊन आवाज जरा कमी करून येतो."

मी स्टुलावरून उठलो. त्याच्या हाताला काळं तेल लागलेलं होतं. तो हात मी दोन्ही हातांनी धरला. असा मी आयुष्यात कुणाचा धरला नव्हता.

"कमी करू नका," मी म्हणालो. "ओरडू दे त्याला."